लूची काळी चार

आमच्या दक्षिण मेम्फिसमध्ये माणसं मरत नाहीत, घरी जातात. आणि घरी जाताना आपल्याला पोचवायला कोण येणार, म्हणजे शवपेटीशेजारी उभं राहून कोण गाणार, हे माणूस हातीपायी धड असतानाच ठरवून टाकतो. आमच्या चर्चमध्ये भांडायला विषय पुष्कळ. पंखे किती वेगाने फिरावेत इथपासून पास्टर हॉलोवेंचं प्रवचन किती लांबावं इथपर्यंत. या एका बाबतीत मात्र कोणाचं दुमत नव्हतं. गाणार लुव्हेनिया रकर.

लू शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. केसांवर जाळी, हातात पळी, अंगाला मक्याच्या पावाचा वास. तिला बाजारात गाठून लोक आपापला नंबर लावायचे.

"लू, माझ्या वेळेला आहेस ना?"

"कधी निघतोयस?"

"तसं काही ठरलं नाही अजून."

"मग आत्तापासून जागा कशाला अडवतोस? ज्यांना घाई आहे त्यांना पुढे जाऊ दे."

मी त्या चर्चचा ऑर्गनवाला. क्लीओफस माझं नाव, पण लूच्या तोंडी 'क्लीओ' आणि तिच्या मैत्रिणीच्या तोंडी 'मेल्या'. लूची पट्टी काळी चार. बायकांना ती जरा वरचीच, पण लू तिथे आपल्या अंगणात फिरल्यासारखी फिरायची. मी तो सूर धरला की मागच्या बाकावरचे पेंगणारे म्हातारेसुद्धा कोट सारखे करून बसत.

आणि गाणं एकच. 'जाताना दार लोटून घे.' हे गाणं तुम्ही ऐकलेलं असणार, फक्त लूच्या आवाजात नव्हे. मूळ चाल प्रार्थनेची. कोणा हुशार माणसाने त्यातला 'प्रभू' काढून 'राजा' घातला आणि ते सोडून जाणाऱ्या पुरुषाला उद्देशून झालं. जायचं तर जा राजा, पण दार लोटून घे, थंडी आत येते. इतकंच. विशीतल्या लूला बोलावून त्याने ते तिच्याकडून पहिल्यांदा गाऊन घेतलं. अंत्यविधीला ती 'राजा' काढून पुन्हा 'प्रभू' घालायची. पास्टर हॉलोवे म्हणत, "पोरगं शहरभर उंडारून आलं, पण पाय धुऊन आलंय. येऊ द्या घरात."

लूची तबकडी आमच्या गल्लीत आणि पलीकडच्या गल्लीत खपली. मग ते गाणं एका मोठ्या गायिकेने उचललं, मागे पन्नास व्हायोलिनं लावली, आणि ते देशभर गेलं. मग ते लांब केसांच्या इंग्रज पोरांनी गायलं, इतकं धावत की दार लोटायलाही कोणाला सवड मिळू नये. पुढे ते नाचाच्या तालावर आलं. गिटारवाल्या गोऱ्या शेतकऱ्यांनी ते नाकातून म्हटलं. एका जपानी मुलीने एकही शब्द न कळता इतकं सुंदर म्हटलं की लू ऐकताना रडली. धुलाईच्या साबणाच्या जाहिरातीतही ते येऊन गेलं, पण त्याबद्दल आम्ही घरात बोलत नाही.

या सगळ्यांनी गाणं आपापल्या मापाने कापलं, शिवलं, रंगवलं. एक गोष्ट मात्र कोणी बदलली नाही. दुसऱ्या कडव्यात दुसरी ओळ संपली की सगळे थांबतात. चांगले थांबतात. रेडिओवर एक विद्वान गृहस्थ सांगत होते की त्या शांततेत एका परित्यक्तेचं अथांग एकटेपण आहे.

तसं काही नव्हतं. आमच्याकडे गाणारी एक ओळ म्हणते आणि थांबते. मग बाकांवरून उत्तर येतं. कोणी म्हणतं "हो, बाई", कोणी म्हणतं "सांग, सांग", आणि मग ती पुढे जाते. लू तोवर चर्चशिवाय कुठे गायलीच नव्हती. ध्वनिमुद्रणाच्या खोलीत ती ओळ आतून आली, सवयीने ती थांबली. काचेपलीकडे बसलेली माणसं सिगारेट ओढत होती. त्यांतलं कोण हो म्हणणार? लू वाट बघत राहिली. मग लाजली आणि अगदी हळू आवाजात पुढची ओळ उचलली. पुन्हा गायला वेळ नव्हता, म्हणून तेच राहिलं.

"जगभरच्या बायका तिथे थांबतात," मोझेल म्हणायची, "आणि एकीलाही कोणी हो म्हणत नाही. तुझ्यामुळे, लू. केवढ्यांना तिष्ठत ठेवलंयस."

मोझेल टब्ज ही ती मैत्रीण, मला मेल्या म्हणणारी. दोघी एका शाळेत शिकल्या आणि पुढे एका शाळेत शिजवत राहिल्या. लूने नवं रूप कुठे ऐकलं की मोझेलला ऐकवायची, आणि मोझेल वाटाणे सोलता सोलता निकाल द्यायची. व्हायोलिनवाल्या बाईबद्दल ती म्हणाली, "हिला कोणी सोडून गेलेलं दिसत नाही. बाकी जायला हवा होता." इंग्रज पोरांबद्दल म्हणाली, "यांना दार कुठे आहे हेच माहीत नाही."

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मोझेलचं हृदय थकलं. पायांवर सूज, चार पावलांत धाप. डॉक्टरांनी तिच्या भाच्याला बाजूला घेऊन सांगितलं की ईस्टर पाहील असं धरून चालू नका. मोझेलने ते बाजूला घेतलेलं बोलणंही ऐकलं आणि लूला बोलावून घेतलं. मीही होतो.

"तुझा नंबर लागला," मोझेल म्हणाली. "माझ्या वेळेला तूच. तबकडी नको, फोनवरचं नको, ती व्हायोलिनवाली तर मुळीच नको. आणि काळी चारमध्ये. त्याच्या खाली गायलीस तर मी पेटीत उठून बसेन."

"बसलीस तर पास्टरांना झेपेल का बघ."

"गाशील ना?"

"गाईन," लू म्हणाली. आमच्यात या शब्दावर सही-शिक्का लागत नाही.

त्याच हिवाळ्यात लूचा आवाज बसला. आधी तिने मध घेतला, मग वाफ घेतली, मग माझ्या बायकोने दिलेला कांद्याचा काढा घेतला. शेवटी ती दवाखान्यात गेली. एका रविवारी प्रार्थना संपल्यावर ती ऑर्गनला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "क्लीओ, पुढच्या वेळी पांढरी पाच धर."

म्हणजे अर्धा सूर खाली. इतक्या वर्षांत तिने असं कधी म्हटलं नव्हतं. मी विचारलं, तेव्हा तिने मटणाचा भाव सांगावा तसं सांगितलं. गळ्यात गाठ आहे. आवाजाची पेटीच काढायला हवी. काढली तर जीव वाचेल. आवाज उरणार नाही.

"मग कधी काढणार?"

"मी डॉक्टरांना सांगितलं, मला एका ठिकाणी गायचंय, ते झालं की येते. ते म्हणाले, कधी आहे? मी म्हटलं, तारीख माझ्या हातात नाही." ती हसली आणि हसताना खोकली. "मोझेलला बोललास तर तुझ्या वेळेला मी येणार नाही."

मी तिला समजावलं. माझ्या बायकोने समजावलं. पास्टर हॉलोवेंना यातलं काही कळलं असतं तर त्यांनीही समजावलं असतं, आणि तासभर समजावलं असतं. लू एकच म्हणायची, "ईस्टरपर्यंतचा तर प्रश्न आहे."

ईस्टर आला. मोझेल पिसांची टोपी घालून पहिल्या बाकावर बसली.

नव्या गोळ्या लागू पडल्या होत्या. जूनमध्ये तिने तळलेला मासा मागितला, जुलैत दुसऱ्यांदा मागितला. चर्चला यायला धाप लागायची म्हणून ती पुढे घरूनच फोनवर प्रार्थना ऐकू लागली, पण जीभ पूर्वीसारखी चालायला लागली, आणि मोझेलच्या बाबतीत तेच प्रकृतीचं लक्षण. लू रोज दुपारी भाजीचं भांडं घेऊन तिच्याकडे जायची. आधी पायांकडे बघायची.

"सूज उतरली गं," ती म्हणायची. चेहरा खरोखरच उजळायचा. मग बाहेर येऊन माझ्या गाडीत बसली की बोटांनी गळा चाचपायची. मैत्रीण बरी होतेय याचा आनंद तिला पुरता घेता यावा असं मला फार वाटायचं, पण दुसरीकडे गाठ वाढत होती, आणि हे दोन्ही हिशेब एकाच बाईच्या पदरात पडले होते.

त्या उन्हाळ्यात आम्ही पाच जणांना घरी पोचवलं. पांढरी पाचवरून काळी तीनवर आलो, तिथून पांढरी चारवर. पट्टी उतरली तशी लू गाणं वाचवून गायला लागली. वरचा सूर आला की मीच ऑर्गन जरा मोठा करायचो, म्हणजे ती कुठे थांबली हे कळू नये. लोकांना ते कळलं नाही. लोक म्हणाले, वयाने आवाजात खोली आली.

फोनवर ऐकणाऱ्या मोझेलला कळलं. तिने मला बोलावलं.

"मेल्या, लू जमिनीवर का बसून गातेय?"

"बसून नाही, उभीच असते."

"आवाज बसलाय म्हणतेय मी. खरं सांग. मी मरायला टेकलेली बाई आहे, माझ्याशी खोटं बोललास तर तुला पुढे महागात पडेल."

मी सांगितलं. मग तिने फोन उचलला आणि लूला एवढंच म्हणाली, "भाजी नको आणूस. नुसती ये."

लू आली. दारातच तिला कळलं. माझ्याकडे एकदा बघून ती खुर्चीत बसली.

"माझ्यासाठी थांबलीस?"

"थांबले कुठे? सवड झाली नाही."

"शाळा सोडून तुला किती वर्षं झाली? सवड नाही म्हणे."

"तू ईस्टरला जाणार होतीस," लू म्हणाली. आवाज खरखरत होता. "मी त्या मानाने आखलं होतं."

"ते डॉक्टर म्हणाला होता. मी कबूल केलं होतं का?"

यावर दोघी हसल्या. हसता हसता लूने तोंडावर हात धरला आणि तो बराच वेळ काढला नाही.

"गा," मोझेल म्हणाली.

"काय?"

"माझं गाणं. आत्ता गा आणि उद्या जाऊन कापून घे."

"अगं, तू जिवंत आहेस."

"मग बिघडलं कुठे? मेल्यावर मला ऐकू येणार होतं का? मेल्या, माझी टोपी दे."

मी टोपी दिली. तिने ती नीट घातली, सोफ्यावर आडवी झाली, हात छातीवर जुळवले आणि डोळे मिटले. कोपऱ्यात तिच्या आईचा पियानो होता, तीन पट्ट्या मेलेला. मी हळूच पांढरी चार धरली.

"काळी चार," मोझेल डोळे न उघडता म्हणाली.

मी लूकडे बघितलं. लूने मान डोलावली.

ती गायली. चांगली गायली असं मी म्हणणार नाही. वरच्या सुरांवर नुसती हवा निघत होती, एक-दोन शब्द ओठांवरच राहिले. 'राजा' म्हणायचं की 'प्रभू' हे तिचं ठरलं नसावं, कारण तिथे ती 'मोझेल' म्हणाली. दुसऱ्या कडव्यातली ती ओळ आली आणि ती थांबली. त्या दिवशी सवयीने थांबली की दम संपला म्हणून, मला सांगता येणार नाही. मी हात पट्ट्यांवर तसेच ठेवले.

"हो, बाई," मोझेल म्हणाली. "ऐकतेय मी. ये पुढे."

लू पुढच्या ओळीवर आली. शेवटचं कडवं जवळजवळ बोललीच. संपल्यावर मोझेल उठली, टोपी काढली आणि म्हणाली, "झालं. आता निघ."

शस्त्रक्रिया त्याच आठवड्यात झाली. पण तोवर दुखणं गळ्यातून खाली फुप्फुसात उतरलं होतं. दवाखान्यातून परतल्यावर लूचं सगळं बोलणं मोझेलच करायची. रोज भाचा मोझेलला चाकाच्या खुर्चीसकट लूकडे नेऊन सोडायचा. "मी आज कशी दिसतेय विचारतेस? वाईट दिसतेयस तू, मी बरी आहे," असं दोन्ही बाजूंनी मोझेलच बोलायची आणि लू खांदे हलवत हसायची. नाताळच्या आधी लू घरी गेली.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की सगळ्यांनी तिच्याकडे नंबर लावले होते, पण तिच्या वेळेला कोण गाणार हे कोणी विचारलंच नव्हतं. चर्चमधली एक पोस्टात काम करणारी बाई, व्हर्नेटा, गायली. तिला व्हायोलिनवालीचंच रूप येत होतं. बिचारीने मनापासून म्हटलं, थांबायचं तिथे थांबली, बाकांवरून उत्तरंही आली. मी काळी चार धरली होती. मोझेल पहिल्या बाकाशेजारी खुर्चीत सरळ बसून होती.

नंतर तळघरात जेवण झालं. मोझेलने कॅरॅमल केकचा तुकडा काट्याने नुसता चिवडला.

"बरी गायली पोरगी," ती म्हणाली. मग जरा वेळाने म्हणाली, "क्लीओ, मला वेळेवर मरता आलं नाही रे."

मी तिच्या ताटातला केक खाल्ला.

मोझेल अजून आहे. सूज कमी-जास्त होते. मागच्या महिन्यात मी तिच्याकडे बसलो होतो, तर व्हर्नेटा आली. खुर्चीच्या कडेवर बसून, फार संकोचाने, तिने विषय काढला. सिस्टर टब्ज, देव करो आणि पुष्कळ वर्षं जावोत, पण तुमच्या वेळेला मी गायले तर तुम्हाला चालेल का? तुम्ही म्हणाल त्या पट्टीत गाईन.

मोझेलने तिच्या हातावर हात ठेवला.

"नको गं," ती म्हणाली. "माझं झालंय."

व्हर्नेटाला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.