चळतीतला पहिला स्विच

देवराव मेश्रामांना स्विचरूममध्ये पाऊल टाकताच नुसत्या आवाजावरून कळायचं, आज कुठला स्विच आजारी आहे. खोलीभर उंच लोखंडी रॅक, त्यांवर एकाखाली एक बसवलेल्या, फोन जोडून देणाऱ्या दहा-दहा स्विचच्या चळती, आणि शहरात कोणी नंबर फिरवला की त्यांची खटखट. टेलिफोन खात्यात मेकॅनिक म्हणून अठ्ठावीस वर्षं त्यांनी ती ऐकली होती. चळतीची रीत ठरलेली. आलेला फोन आधी पहिल्या स्विचनं घ्यायचा. तो गुंतलेला असला तर दुसऱ्यानं, मग तिसऱ्यानं. बाजाराच्या वेळेला दहाही हलायचे. रविवारी सकाळी मात्र पहिला एकटाच राबायचा.

देवरावांच्या घरीही ते एकटेच होते. बायको, भीमाबाई, जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी प्रेमिला लग्न होऊन पुण्याला गेली होती. शहरभरच्या फोनची काळजी वाहणाऱ्या या माणसाच्या महाल भागातल्या खोलीत फोन नव्हता. दर रविवारी सकाळी सातला ते ताराचंदच्या किराणा दुकानात तेलाच्या पिंपाशेजारच्या स्टुलावर जाऊन बसत, आणि प्रेमिला शेजाऱ्यांकडून तिथं फोन करी.

१९८१च्या फेब्रुवारीत असाच फोन आला. रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं. प्रेमिला म्हणाली, मग इकडंच या राहायला. जावयाच्या घरी कायमचा पाहुणा व्हायचं नाही मला, असं देवराव जरा तोडूनच बोलले. त्यावर ती काही म्हणाली, पण लाईनमध्ये खरखर इतकी होती की शब्द कळले नाहीत. फोन ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

सोमवारी त्यांनी पहिलं काम केलं ते ताराचंदच्या नंबरची धातूची टोकं, जिथं स्विच टेकला की फोन जोडला जातो ती, दहाही स्विचमध्ये घासून साफ करण्याचं. पुढच्या वेळी मुलीचं बोलणं नीट ऐकू यावं. साफ करताना त्या टोकावरून कोणाचा फोन जाऊ नये म्हणून फटीत जुन्या पोस्टकार्डाची बारीक पट्टी सरकवायची, काम झालं की काढून वरच्या खिशात टाकायची, ही त्यांची स्वतःची पद्धत होती. पट्टी असेपर्यंत त्या स्विचवरून तो नंबर एंगेज लागे.

पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आपण करावा असं त्यांच्या मनात यायचं, पण बोलणं तोडून फोन ठेवला तिनं, तेव्हा करायचाही तिनंच, असं म्हणून ते थांबत. पाचव्या रविवारी ताराचंद म्हणाला, "देवरावभाऊ, माहा स्टूल झिजून राहिला, पोरीचा फोन काही येत नाही." मग त्यालाच आठवलं. त्याच्या मेव्हण्याची तक्रार होती, सकाळी कधीही लावा, दुकानाचा नंबर एंगेज. "दिवसभर तं धडाधड येतात. सकाळीच काहून एंगेज लागते गा?"

पुढच्या रविवारी देवराव दुकानात न जाता साडेसहालाच स्विचरूममध्ये गेले. टेस्ट फोनवरून ताराचंदचा नंबर फिरवला. पहिला स्विच वर चढला, वळला, थांबला. एंगेज. मग त्यांनी पहिला अडवून धरला. दुसऱ्यानं फोन घेतला आणि ताराचंद "हलो, हलो" करू लागला.

बॅटरीच्या उजेडात पट्टी दिसली. त्यांच्याच हातची. नऊ पट्ट्या काढल्या होत्या, पहिल्यातली तशीच राहिली होती. सकाळी फोन कमी, म्हणून प्रत्येक फोन त्या पहिल्यावरच जात होता.

इतक्या वर्षांत स्वतःची चूक सापडल्याचा असा आनंद त्यांना कधी झाला नव्हता. पोर रागावली नव्हती. बिचारी रविवारमागून रविवार नंबर फिरवत बसली असेल. त्यांनी रजिस्टरमध्ये दोष लिहिला, कारणाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं, आणि तडक मोठ्या पोस्टात जाऊन पुण्याचा नंबर मागितला. शेजाऱ्यांनी प्रेमिलाला बोलावून आणलं.

"पाच रविवार फोन लागला नसन तुले," ते म्हणाले. "इकडची लाईन खराब होती."

"मी कुठं लावला बाबा? आधी पाव्हणे होते, मंग पोराची परीक्षा. टाइमच नाही भेटला. तुमाले राग आला का?"

आज खरखर नव्हती. शब्द न् शब्द ऐकू आला.

"नाही वं," देवराव म्हणाले. "मी म्हणतो, तू लावला असता तरी एंगेजच लागला असता."

"हो का?" तिचा आवाज मोकळा झाला. "मंग बरंच झालं, नाही लावला तं."

"आता केली दुरुस्त," ते म्हणाले. मग परीक्षेचं विचारलं, जावयाचं विचारलं. पुण्याला राहायला येण्याचा विषय तिनं काढला नाही, त्यांनीही नाही.

पुढच्या रविवारी सातला ते स्टुलावर येऊन बसले. ताराचंदनं विचारलं, सापडलं का काही? त्यांनी मान हलवली, सापडलं. फोन पिंपापलीकडे फळीवर होता. पहिला स्विच आता मोकळा आहे, हे त्या दुकानात त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. फोन वाजला नाही, तर आता दोष लाईनचा नसणार होता.