पेन्सिलीनं लिहिलेलं वेळापत्रक

आमच्या गावात चहाची दोन हॉटेलं आहेत आणि मी दोन्हीकडं अर्धा-अर्धा कप चहा पितो. बेंबळीकडून येणारा रस्ता गावात शिरतो तिथं एका बाजूला वरच्या आळीचं हॉटेल, समोर खालच्या आळीचं. एकाच ठिकाणी पूर्ण कप प्यायला, तर दिवस मावळायच्या आत मी त्या गटात गेल्याची बातमी होते. हायस्कुलात मराठी शिकवून मी निवृत्त झालो तेव्हा दोन गोष्टी घरी घेऊन आलो. एक, मी कुणाचाच नाही ही ख्याती. दुसरं, पित्त.

जिल्ह्याच्या गावाला काय म्हणायचं, हाही आता चहाइतकाच नाजूक प्रश्न झालाय. एक नाव तोंडातून निसटलं की इकडच्या बाकड्यावर आठ्या पडतात, दुसरं निसटलं की तिकडच्या. मी 'जिल्ह्याला जाऊन आलो' एवढंच म्हणतो. एस.टी.त वाहकाकडं तिकीट मागतानाही 'जिल्हा' म्हणतो. तो बिचारा समजून घेतो.

मुंबईत पक्ष फुटला की आमच्याकडं भावकी फुटते. एकमेकांच्या बांधावर पाऊल न ठेवणारे दोन पुढारी वरचं गणित बदललं म्हणून एका गाडीतून फिरायला लागतात, आणि ज्यांनी त्यांच्यापायी डोकी फोडून घेतली ते मात्र एकमेकांच्या मयतीलाही जात नाहीत. मला ह्याचा मनापासून राग येतो. माणसानं मत ठेवावं, पण शेजाऱ्याच्या चुलीत काय शिजतंय ते पक्ष बघून ठरवू नये, असं मी तीस वर्षं वर्गात सांगितलं. दोन्ही हॉटेलांतली गिऱ्हाइकं माझेच विद्यार्थी आहेत, यावरून माझ्या शिकवण्याचा दर्जा लक्षात यावा.

राग असूनही एक काम मी बिनतक्रार करत आलो. मानपत्रं लिहायचं. आमच्याकडं सत्काराला हंगाम लागत नाही. शाल, नारळ, फेटा आणि मानपत्र, एवढं जमलं की माणूस मोठा. शाळेच्या मैदानात गाळे काढणाऱ्याला मी 'शिक्षणमहर्षी' केलंय. एका पावसात वाहून गेलेल्या पुलाच्या ठेकेदाराला 'विकासरत्न' केलंय. दोन्ही गटांसाठी लिहिलं, म्हणजे समतोल राखला, अशी मी माझी समजूत घालून घ्यायचो. घरी येऊन बायकोसमोर मात्र तासभर चिडचिड करायचो. ती एकदा म्हणाली, "मग लिहिता कशाला?" त्यावर मी अर्धा कप चहा मागितला.

यंदा ग्रामपंचायतीनं 'ग्रामभूषण' द्यायचं ठरवलं. वरच्या आळीनं आपला माणूस पुढं केला, खालच्या आळीनं आपला. महिनाभर ताणाताणी झाली आणि शेवटी 'दोघांनाही चालणारा' म्हणून माझं नाव निघालं. कारण काय द्यायचं? तर दुष्काळाच्या साली गावात पाण्याचं न्याय्य वाटप केलं. त्या साली मी पाणी समितीचा अध्यक्ष होतो. तेव्हाही दोघांना चालणारा म्हणूनच झालो होतो.

खरं सांगतो, मला आनंद झाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यावर फेटे बघितले होते. मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा बायको म्हणाली, "पाणी तर चाचांनी वाटलं. तुमी कागद केला."

चाचा म्हणजे आमच्या गावचे पाणी सोडणारे. लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून ते पहाटेपासून फिरतात, जमिनीतले व्हॉल्व्ह उघडतात, बंद करतात, आणि आळीआळीला पाळीनं पाणी देतात. दुष्काळाच्या साली दहा-बारा दिवसांतून एकदा पाणी यायचं. मी वहीच्या कागदावर वेळापत्रक आखलं, तेही पेन्सिलीनं. चाचांनी कागद हातात घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, पेनानं लिहा की. पेन्सिलीचं कोण ऐकतंय?" मी म्हणालो, "चाचा, बदल करायला बरं पडतं." आणि बदल झालेच. कुणी ना कुणी घरी यायचं, चहा व्हायचा आणि मी खोडरबर शोधायचो.

मग एके दिवशी कळलं, वरच्या आळीतल्या काही बड्या घरांनी नळाला मोटारी लावल्यात. शेवटच्या घरांना थेंब येईना. मी चाचांना बाजूला घेऊन सांगितलं, "मोटारी निघेपर्यंत त्यांचा व्हॉल्व्ह बंद ठेवा." सांगितलं तोंडी. वेळापत्रकावर काहीच लिहिलं नाही.

दोन दिवसांनी सकाळी वरच्या आळीतली चाळीसएक माणसं माझ्या दारात आली. चाचाही तिथंच, सायकल धरून उभे. "कुणी बंद केला वॉल?" असं पहिल्यांदा मलाच विचारलं. मी चाचांकडं बघितलं आणि म्हणालो, "मला काही कल्पना नाही. व्हॉल्व्ह चाचांकडं असतो, त्यांनाच विचारा." चाचांनी मान खाली घातली. माझं नाव घेतलं नाही. लोकांनी त्यांना तोंडाला येईल ते ऐकवलं, त्यांच्या जातीधर्मावरूनही ऐकवलं, आणि सायकल उचलून बारवेत टाकली. व्हॉल्व्ह उघडून घ्यायचा म्हणून मोटारी मात्र निघाल्या. शेवटच्या घरांना पाणी आलं. मी ना अध्यात ना मध्यात, नामानिराळा राहिलो.

तेव्हापासून 'मनमानी करणारा' हा शिक्का चाचांना चिकटला तो चिकटलाच. आता नवी पाणीयोजना आलीय. चावी दुसऱ्या कुणाला द्यावी का, हे प्रजासत्ताक दिनानंतरच्या बैठकीत ठरणार होतं, आणि चाचांच्या विरोधात बोलायला तेवढं एकच प्रकरण पुरत होतं. चाचांना सत्कार नको होता. हातपाय चालतायत तोवर चावी हवी होती, आणि ती सोडायची वेळ आली तर नाव साफ ठेवून सोडायची होती. हे त्यांनी मला कधी म्हणून दाखवलं नाही. मला माहीत होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर शाळेच्या मैदानात कार्यक्रम झाला. उजवीकडं एक गट, डावीकडं दुसरा, मध्ये पोरांची रांग. मला फेटा बांधला. तो जरा घट्ट बसला होता. मुख्याध्यापकांनी मानपत्र वाचायला घेतलं आणि पहिल्याच वाक्याला मी चमकलो. 'चंदनासारखं झिजून आपण गावाला सुगंधित केलंत.' हे वाक्य माझं होतं. त्या पुलाच्या ठेकेदारासाठी लिहिलेलं. पुढचं वाक्यही माझं, त्याच्या पुढचंही. कुणीतरी जुनं मानपत्र टायपिंगवाल्याला दिलं होतं आणि त्यानं नाव तेवढं बदललं होतं. मग आलं, 'सलग तीन वेळा सरपंचपद भूषवून आपण...'

सरपंच होता तो ठेकेदार. मी जन्मात सरपंच नव्हतो. समोर सहाशे-सातशे माणसं बसली होती. एकही हसलं नाही, कुणी मान वर करून बघितलंही नाही. मला तेव्हा कळलं की एवढी वर्षं मी जे लिहीत होतो ते कुणी ऐकतच नव्हतं. त्याचं वाईट वाटावं की हायसं वाटावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

'दोन शब्द' बोलायला उभा राहिलो. बोलायचं पाठ करून आलो होतो. दोन्ही आळ्यांचे आभार, समंजसपणा, गावाची एकी, असं सगळं. मैदानाच्या टोकाला चाचा पाण्याच्या ड्रमला नळी लावत होते. कार्यक्रमाचं पाणीही त्यांच्याकडंच होतं.

मी म्हणालो, "दुष्काळाच्या साली वरच्या आळीचा व्हॉल्व्ह बंद झाला होता. तो चाचांनी मनानं केला नव्हता. मी बंद करायला सांगितलं होतं. तुम्ही माझ्या दारात आलात तेव्हा मी खोटं बोललो."

मला वाटलं, आता फेटा उतरतोय. आणि मग टाळ्या पडल्या. आधी खालच्या आळीकडून, मग वरच्याही. वरच्या आळीचे पुढारी, ज्यांच्या घरची मोटार त्या साली निघाली होती, ते माईकवर येऊन म्हणाले, "असा करारी माणूस पाहिजे! गावाच्या हितासाठी आमचंसुद्धा पाणी तोडलं गुरुजींनी!" पुन्हा टाळ्या. चाचांचं नाव त्यांच्या तोंडून निघालंच नाही. मी पुन्हा माईक मागितला, तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं.

कार्यक्रम संपल्यावर फेटा काखेत मारून, मानपत्राची फ्रेम हातात घेऊन मी ड्रमाकडं गेलो. चाचा नळी गुंडाळत होते.

"चाचा, सांगितलं मी," मी म्हणालो.

"ऐकलं की. टाळ्या लई पडल्या तुमाला."

"तुम्हाला तेव्हा..."

"मला शिव्या पडल्या." ते अगदी शांतपणे म्हणाले. "काम तेच व्हतं गुरुजी. वॉलबी तोच."

मला फार शरम वाटली. एवढी वर्षं दोन्ही टोकांच्या माणसांवर मी चिडत आलो. पण त्या दिवशी माझ्या दारात नुकसान केलं ते टोकाच्या माणसांनी एकट्यांनी नाही. मधल्या माणसानंही केलं.

चाचांनी नळी खाली ठेवली, हात पुसले. "बैठक सोमवारी हाय," ते म्हणाले. "तितं टाळ्या चालत न्हायत, कागद लागतो. आज बोललात तेवढंच लिहून द्या. जास्तीचं काय नको. चंदन-बिंदन नको."

मी मानपत्र फ्रेममधून काढलं. त्याची मागची बाजू कोरी होती. ते ड्रमाच्या झाकणावर पालथं ठेवलं आणि सवयीनं खिशात हात घातला. हाताला पेन्सिल लागली.

चाचांनी ती बघितली. त्यांनी आपल्या खिशातलं बॉलपेन काढलं, टोपण दातानं उघडलं आणि माझ्यापुढं धरलं.

"हे घ्या," ते म्हणाले. "ह्याचं खोडता येत न्हाय."