साखरेच्या कपाटाची किल्ली

तिला सगळे कात्री म्हणत. तयार कपड्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या टेबलाशी अठरा वर्षं उभं राहिल्यावर माणसाला दुसरं नाव कोण देणार? कापडाच्या थरांची थप्पी समोर यायची. वर शर्टाच्या भागांचे कागदी फर्मे मांडायचे, खडूने रेघा ओढायच्या आणि यंत्र फिरवायचं. इतर बायका तेवढ्या कापडात शंभर शर्ट काढायच्या, ही एकशेचार काढायची. दोन बाह्यांच्या फटीत कॉलर सरकव, कॉलरच्या कुशीत खिसा बसव. मालक नव्या पोरींना सांगायचा, "हिच्याकडून शिका. हिच्या टेबलाखाली उंदराला चिंधी मिळायची नाही."

बाई हे ऐकून फुगायची. आणि का नाही फुगायचं? घरी कोण कौतुक करत होतं? नवरा गोदामात पार्सलं चढवायचा. त्याचा पगार तीन वर्षांत जागचा हलला नव्हता आणि नवराही. मुलगी दहावीत, म्हणजे फी, वह्या आणि वर आणखी फी. आणि नवऱ्याची आई.

महागाई काही एका दिवसात आली नाही. आधी दाराशी घुटमळत होती, मग आत येऊन ठाण मांडून बसली. तेल चढलं, डाळ चढली, दूध चढलं. गॅसचं तर विचारूच नका. आणि त्या वर्षी साखर अशी कडाडली की वाणी पुडा देताना जरा थांबून गिऱ्हाइकाचं तोंड बघायचा. मग कात्रीने घरावरच फर्मे मांडले. चहा एकदाच, तोही सकाळी. डाळ रात्रभर भिजवून मगच गॅसवर. तेलाची पिशवी संपली की उभी चिरायची आणि आतून बोटाने निपटून घ्यायची. चौघांनी एकाच दिव्याखाली बसायचं, वाचायचं असो की जेवायचं असो. सासू एकदा हसत म्हणाली, "अगं, दात कोरून पोट भरत नाही." कात्रीने ताडकन उत्तर दिलं, "थेंबे थेंबे तळे साचे, आई. आणि तुमचं तळं मीच भरतेय."

गप्प बसायची सासूला सवय नव्हती, पण हळूहळू होत होती.

ही सासू म्हणजे एके काळी मोठं प्रस्थ. मुलींच्या वसतिगृहात कोठी सांभाळायची. दोनशे मुलींचा तांदूळ, डाळ, साखर, सगळं हिच्या ताब्यात. तीस वर्षं कोठीची किल्ली हिच्या कमरेला होती. दर सहा महिन्यांनी तपासणीस यायचा, पोती मोजायचा, डबे उघडायचा आणि दरवेळी तोंड पाडून परत जायचा. निवृत्तीच्या दिवशी मुख्य बाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "ह्या कोठीतून तीस वर्षांत साखरेचा दाणा गेला नाही." ते वाक्य म्हातारीने जपून ठेवलं होतं. तिच्याकडे दुसरा दागिना नव्हताच. नातीला तर तिने ते इतक्यांदा सांगितलं होतं की नात पुढचं वाक्य आधीच म्हणून दाखवायची आणि दोघी हसायच्या.

म्हातारीला मधुमेह होता. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई स्वतःच्या हाताने टोचून घ्यायची, कुणाला त्रास नाही. तिच्या सहा वर्षांच्या कागदांवर डॉक्टरने एकदाही लाल खूण केली नव्हती.

आता फ्रिजची गोष्ट. उन्हाळ्यात विजेचं बिल आलं आणि कात्रीने ते दोनदा वाचलं. मग मीटरसमोर उभी राहून एकेक बटण बंद करत गेली. फ्रिज बंद केला तेव्हा कुठे मीटर मंदावला. सापडला चोर! दुसऱ्या दिवसापासून नियम झाला. सकाळी कामावर जाताना फ्रिज बंद, संध्याकाळी आल्यावर चालू. आणि दिवसभराची कसर भरून निघावी म्हणून बटण सगळ्यात शेवटच्या आकड्यावर, एकदम कडक थंड. दिवसा कुणी दार उघडायचं नाही, गारवा बाहेर जातो. पुढच्या महिन्यात बिल खरंच खाली आलं. कात्रीने ते कारखान्यात नेऊन दाखवलं. इमारतीतल्या चार बायका तिच्याकडे शिकायला आल्या. तिने त्यांना बसवून, हातवारे करून शिकवलं. चहा मात्र दिला नाही.

त्याच सुमारास औषधाच्या दुकानदाराने सांगितलं की तीन महिन्यांचं इन्सुलिन एकदम घेतलं तर दहा टक्के सूट. कात्रीने घेतलं. डब्यावर लिहिलं होतं, थंड जागी ठेवा. त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती, पण ती वाचायला चष्मा लागला असता आणि चष्म्याचा नंबर बदलणं पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. फ्रिज दिवसा बंद, मग त्यातली सगळ्यात थंड जागा कुठली? मागची, बर्फाच्या कप्प्याला लागून. कात्रीने सगळ्या बाटल्या तिथे ओळीने लावल्या. बाईने हे काळजीने केलं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. आळशी बाई असती तर दारातल्या खणात टाकून मोकळी झाली असती आणि म्हातारीचे पुढचे हाल टळले असते.

आठवड्याभरात म्हातारी म्हणाली, "सूनबाई, सकाळी बाटलीचा बर्फ झालेला असतो गं. अर्धा तास हातात धरून बसावं लागतं, तेव्हा सुटतो."

"थंड ठेवा असं लिहिलंय ना? मग थंडच असणार."

"आणि तळाशी कणी दिसते. रव्यासारखी."

"चष्मा पुसा, आई."

म्हातारीने चष्मा पुसला. कणी होतीच. पण तिने पुन्हा विषय काढला नाही. घरात खाणाऱ्या तोंडाने किती बोलावं, हे तिला कळायला लागलं होतं.

महिन्याभरात तिची तहान वाढली. सारखी उठायची, सारखी मोरीकडे जायची, आणि कात्री वाहत्या पाण्याचा आवाज मोजायची. म्हातारी वाळत चालली. दवाखान्यात रक्त तपासलं तर साखर तिप्पट! डॉक्टरच्या बाहेर पन्नास माणसं बसलेली. त्याने कागदावरून मान वर न करता विचारलं, "सुई रोज घेता?"

"रोज. दोन वेळा."

"मग तोंड सुटलंय." त्याने कात्रीकडे पाहिलं. "म्हातारी माणसं चोरून गोड खातात. घरी लक्ष ठेवा." आणि औषधाचं माप वाढवून पुढच्याला हाक मारली.

उचलली जीभ लावली टाळ्याला! पण तो शब्द कात्रीच्या कानात जाऊन बसला. चोरून. घरी आल्या आल्या तिने साखरेचा डबा काढला. डबा तिला कमी दिसला. महाग वस्तूचा डबा कमीच दिसतो, हे तिला कोण सांगणार?

"आई, साखर खाता का?"

म्हातारी आधी हसली. मग सुनेचं तोंड बघून तिचं हसू गेलं. "मी? अगं, तीस वर्षं माझ्या हाताखालून पोती गेली."

"पोती परक्याची होती. ही घरची आहे, म्हणून हात लागत असेल."

"मी दाणा खाल्ला नाही."

"मग कागद खोटं बोलतो?"

नवरा दारात चपला काढत होता. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने एक चप्पल काढली, दुसरी काढली, दोन्ही जुळवून ठेवल्या आणि म्हणाला, "आई, डॉक्टर काय उगाच सांगेल?"

दुसऱ्या दिवशी कपाटाला कुलूप लागलं. साखर, गूळ, बिस्किटं, सगळं आत. किल्ली कात्रीच्या पर्समध्ये. म्हातारी दिवसभर त्या कुलपासमोर खुर्चीत बसायची, कारण खुर्ची ठेवायला दुसरी जागा नव्हती.

कुलूप लागूनही साखर उतरली नाही, आणखी चढली. शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. कात्रीनेही केला. तिने ठरवलं की म्हातारी शेजारी मागून खाते. मग ती इमारतीतल्या दारोदार गेली. "आमच्या सासूबाई आल्या तर गोड काही देऊ नका हं. चोरून खातात. आम्हाला हॉस्पिटल परवडायचं नाही." बायकांनी च्च् च्च् केलं. त्यानंतर म्हातारी जिन्यात दिसली की बायका दार हळूच ओढून घ्यायच्या, आणि एक तर मुद्दाम मोठ्याने म्हणायची, "आजी, आमच्याकडे साखर संपली हो!" म्हातारीने जिना उतरणं सोडलं.

एका संध्याकाळी नात तिच्याजवळ बसली. हळू आवाजात म्हणाली, "आजी, मला खरं सांग. मी आईला नाही सांगणार. खाल्लीस ना?"

म्हातारीने तिच्याकडे वळून पाहिलं. "तुला पण वाटतं?"

"मग शुगर कशी वाढते?"

म्हातारी स्वतः त्याच प्रश्नाने पोखरली गेली होती. त्या दिवसानंतर तिने नातीला मुख्य बाईंचं वाक्य कधी सांगितलं नाही.

मग फाटक्या चपलेचा खिळा पायाला लागला. एवढीशी जखम. नवी चप्पल पुढच्या महिन्यात घ्यायची होती. वाढलेल्या साखरेत जखम चिघळली, अंगठा काळा पडला आणि एका दुपारी म्हातारी खुर्चीतच बेशुद्ध झाली.

सरकारी हॉस्पिटलात तिला तिथलंच इन्सुलिन दिलं, तेही कमी मापाने. तीन दिवसांत साखर निम्म्यावर आली. सिस्टरने कात्रीला सांगितलं, "घरच्या बाटल्या घेऊन या. किती घेत होत्या बघू दे."

कात्रीने उरलेल्या बाटल्या जेवणाच्या डब्यात घालून आणल्या. सिस्टरने एक खिडकीच्या उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. मग दुसरी. मग तिसरी.

"कुठे ठेवत होता या?"

"फ्रिजमध्ये. अगदी थंड जागी."

"बर्फाला लागून?"

कात्रीने मान हलवली.

"अहो बाई, हे गोठलंय. ही कणी दिसते ना? एकदा गोठलं की औषध मेलं. म्हातारीला तुम्ही पाणी टोचत होता. डब्यावर लिहिलंय ना, गोठू देऊ नका."

ती बारीक ओळ. आणि कात्रीच्या तोंडून काय निघावं? "बदलून मिळतील का? पावती आहे माझ्याकडे."

सिस्टर बाटल्या कचऱ्याच्या लाल डब्यात टाकत म्हणाली, "घरात सगळ्यांना सांगा. पुन्हा असं नको."

घरात सगळ्यांना! कात्री जिन्यातल्या बाकावर बसली. सगळ्यांना म्हणजे नवऱ्याला, मुलीला, दारं ओढून घेणाऱ्या त्या बायकांना, तिच्याकडून फ्रिज शिकून गेलेल्या त्या चौघींना. आणि कारखान्यात, जिथे ती बिल नाचवत होती. तिला रडू आलं. खोटं कशाला सांगा, म्हातारीसाठीही आलं. पण जास्त स्वतःसाठी आलं. तेवढ्यात नवरा आला. तिने डोळे पुसले.

"काय म्हणाल्या सिस्टर?"

"काही नाही. पथ्य पाळा म्हणाल्या."

चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी सर्जन आला. अंगठा गेलाच होता, आता पाऊलही वाचायचं नव्हतं. त्याने घोट्याच्या वर निळ्या शाईने रेघ ओढली. कात्री बाजूला उभी होती. अठरा वर्षांची सवय वाईट. तिच्या मनात आलं, रेघ दोन बोटं खाली घेता आली असती.

म्हातारी दीड महिन्याने घरी आली. कुबड्या कोपऱ्यात, खुर्ची त्याच कुलपासमोर. फ्रिज आता दिवसरात्र चालू होता, औषध दारातल्या खणात. बिल वाढून आलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "एवढं कसं?" कात्री म्हणाली, "तुमच्या आईच्या औषधापायी." ते म्हातारीने ऐकलं.

रविवारी सगळे घरात होते. कात्रीने चहासाठी कपाट उघडलं, साखर काढली, कुलूप लावलं. म्हातारी म्हणाली, "सूनबाई, जरा थांब."

कात्री थांबली. तिचा हात किल्लीवर घट्ट झाला. कळलं की काय हिला?

"हॉस्पिटलात पडून पडून खूप विचार केला मी. तिथे पथ्याचं जेवले तर साखर लगेच उतरली. म्हणजे इथे मी खात असले पाहिजे." म्हातारी मांडीवरच्या पदराशी चाळा करत होती. "मला आठवत नाही गं. देवाशपथ आठवत नाही. पण खाल्ली असेन. तुम्ही सगळे म्हणता, डॉक्टर म्हणतो. डोकं फिरलं असेल माझं. मी उगाच तुला खोटं पाडत होते."

मुलगी वहीतून मान वर करून आईकडे बघत राहिली. नवरा भिंतीकडे.

सांगायला दोन वाक्यं पुरली असती. तुम्ही खाल्ली नाही, आई. औषध माझ्या हातून गोठलं. कात्रीने तोंड उघडलं. खरंच उघडलं.

"जाऊ द्या, आई," ती म्हणाली. "झालं ते झालं. मी काही मनात ठेवलेलं नाही."

म्हातारीने दोन्ही हात जोडले. कोठीवाल्या बाईने, सुनेला. "पोरी, मन मोठं आहे तुझं. आणि ती किल्ली तुझ्याजवळच असू दे. माझा भरवसा धरू नकोस."

"बरं," कात्री म्हणाली, आणि किल्ली पर्समध्ये टाकून चहा गाळायला गेली.