दोरीवरची पोलिसी जाकिटं

हिवाळ्यात मी माझी जुनी पोलिसी चामडी जाकिटं गॅलरीतल्या दोरीवर उन्हात टाकतो. सगळी जुन्या बाजारांतून हुडकून आणलेली, कोपरांवर झिजलेली. त्यांच्यावरची बुरशी पुसताना वाटतं, आतला माणूस गेला तरी त्याची ऐट चामड्यात मुरून राहते. "घराचं पोलीस ठाणं केलंय नुसतं! काय तो वास!" असं बायको दरवर्षी म्हणते.

आज गारठा होता. दूध आणायला निघालेल्या तिने दोरीवरचं एक जाकीट ओढलं आणि साडीवरच चढवलं. गॅलरीतून पाहतो तर फाटकावरच्या वॉचमनने उठून तिला कडक सलाम ठोकलेला!

ती परत आली, पण जाकीट काढेना.

"वास येत नाही का?" मी विचारलं.

"कसला वास?" तिने कॉलर ताठ केली. "चहा टाका."

मीही सलाम ठोकला आणि विजयी वीरासारखा चहा टाकायला गेलो.