आमच्या विभागाची एकुलती एक उपलब्धी

आमच्या वाचा, भाषा आणि श्रवण विभागानं आजवर काय मिळवलं, असं कुणी विचारलं की विभागप्रमुख खुर्ची मागे सरकवत आणि माझ्याकडे बोट दाखवत. "हे." बस्स, एवढंच. मी ओशाळून उभा राहायचो. पाहुणे मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळत, आणि माझ्यात बघण्यासारखं काय आहे ते न कळल्यामुळे मुकाट्यानं चहा पीत.

त्याचं असं होतं. मी मुखेडकडचा, लहानपणापासून अडखळत बोलणारा. शाळेत हजेरीच्या वेळी माझ्या तोंडून 'हजर' निघेपर्यंत गुरुजी पुढच्या दोघाचौघांपर्यंत पोचलेले असत, त्यामुळे वर्गात बसूनही मी बऱ्याचदा गैरहजर असे. लातूर जिल्हा नवा झाला त्या उत्साहात लातूर गावात ज्या अनेक पाट्या लागल्या, त्यातली एक या विभागाची होती. विद्यापीठानं भाड्याच्या दोन खोल्यांत तो उघडला. पहिल्याच वर्षी मी तिथं पेशंट म्हणून गेलो, सुधारलो, तिथलाच अभ्यासक्रम केला आणि तिथंच हंगामी मास्तर म्हणून चिकटलो. पेशंटचा मास्तर झाला, ही आमची उपलब्धी. दुसरी कुठलीच नव्हती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आणि मी सांगतोय त्या वर्षी आडात खरोखरच नव्हतं. दुष्काळ पडला होता. पाटीचा रंग उडाला होता आणि गल्लीत टँकर कधी येईल यावर विभागाचं वेळापत्रक ठरत होतं. श्रवणचाचणीची खोली आवाजबंद करायची म्हणून आम्ही भिंतींना बारदान आणि कापसाच्या गाद्या ठोकल्या होत्या. उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस उकडून निघे, आणि 'आवाज ऐकू आला की हात वर करा' म्हटलं तर बाहेर जाऊ द्या म्हणून हात वर करी.

दर गुरुवारी जळकोटकडून एक बाप आपल्या मुलीला घेऊन यायचा. बाप रोजगार हमीवर खडी फोडायला जाई आणि गुरुवारचा रोज बुडवून येई. मुलगी बारावी झालेली, हुशार, पण बाप सांगे त्यावरून माझ्यापेक्षाही जास्त अडखळणारी. नांदेडला तिची नर्सिंगच्या प्रवेशाची तोंडी मुलाखत होती, महिन्याभरावर आलेली. ती पार पडली तर घरातली पहिली नोकरी तिची असणार होती. नाही पडली तर बापाच्या शेजारी खडी होतीच. आणि ही मुलगी माझ्यासमोर एक शब्द बोलत नव्हती. मान हलवायची, जमिनीकडे बघायची.

"घरी शेळ्यांसंगं लई बोलती सर," बाप सांगायचा. "खंड न्हाई तिच्या बोलण्याला. माणूस दिसला की बंद."

आता मी तिच्याशी कसा बोलायचो तेही सांगितलं पाहिजे. विभागप्रमुखांचा दंडक होता की पेशंटसमोर अडखळायचं नाही. "टकल्यानं केसांचं तेल विकायला बसू नये," असं ते म्हणत. ते पुण्याचे, मनानं चांगले, आणि बोलणं कसं, तर नळाला पाणी यावं तसं, म्हणजे पुण्यातल्या नळाला. त्यांनी मला शिकवलेली युक्ती अशी होती की श्वास सोडत पहिलं अक्षर हळूच उचलायचं आणि पुढचं वाक्य सावकाश ओढत न्यायचं. त्यामुळे मी अडकत नसे. पण ऐकणाऱ्याला वाटे, हा कुणाच्या तरी मयताची बातमी घेऊन आलाय. त्या सुरात मी त्या मुलीला म्हणायचो, "बो-ल. घा-ब-रू न-को." ती आणखीच घाबरायची. तिच्या लेखी मी बोलता येणाऱ्यांपैकी होतो.

अशात दिल्लीहून तपासणी समिती येणार असल्याचं कळलं. विभागाची मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही, हे ती ठरवणार होती. विभागप्रमुखांनी ठरवलं, मला टेपवर ऐकवायचं. उपचाराआधीचा मी आणि उपचारानंतरचा मी. 'नंतरचा' तयार होता, 'आधीची' टेप मात्र सापडेना. शेवटी सापडली तेव्हा तिच्यावर आमच्या शिपायानं पुतणीच्या लग्नातली गाणी भरलेली होती.

"हरकत नाही," विभागप्रमुख म्हणाले. "तुम्ही आत्ता अडखळा. आपण भरून घेऊ."

इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. जन्मभर न अडखळण्याची धडपड केलेल्या माणसाला मुद्दाम अडखळता येईना! माइक तोंडाशी धरला की शब्द असे गुळगुळीत बाहेर पडायचे की मी स्वतःच थक्क. विभागप्रमुख हातानं खूण करत, आणखी अडखळा, आणखी. मी घामाघूम होऊन कशीबशी दोन अक्षरं अडकवतोय तोच गल्लीत टँकरचा भोंगा वाजला, आणि मी एका दमात ओरडलो, "टँकर आला रे! घागरी काढा, बादल्या काढा, शिपाई कुठं मेला!" मग आम्ही दोघंही घागरी घेऊन पळालो. टेप चालूच राहिली. उपचाराआधीचा मी इतका खणखणीत बोललो होतो की उपचाराची गरजच काय, असं कुणीही विचारलं असतं. टेपचा नाद सोडावा लागला. आता मीच समितीपुढे प्रत्यक्ष बोलायचं ठरलं.

समिती आली ती नेमकी गुरुवारी. अध्यक्ष एक वयस्क बाई होत्या. विभागप्रमुखांनी पेशंटची गर्दी दिसावी म्हणून त्या मुलीला आणि तिच्या बापाला मागच्या बाकावर बसवलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे." मी उठलो. भाषण आठवडाभर घोटलं होतं. पहिला शब्द होता नमस्कार.

तो आलाच नाही. जीभ टाळूला चिकटली, जबडा आवळला, डोळे मिटले. युक्ती आठवली, श्वास सोडला, पण त्याच्याबरोबर शब्द काही सुटला नाही. गावात प्यायला पाणी नव्हतं तरी पाहुण्यांसाठी ग्लास भरून ठेवले होते. मी अध्यक्षबाईंचाच ग्लास उचलला आणि गटागटा पिऊन टाकला. तरी 'न' काही निघेना. विभागप्रमुखांना राहवलं नाही. "त्यांना नमस्कार म्हणायचंय," त्यांनी सांगून टाकलं.

माझा पारा चढला. शाळेपासून लोक माझी वाक्यं माझ्या हातातून काढून घेत आले होते. "म-म-मलाच म्हणू द्या!" मी म्हणालो. तेवढ्यात मागच्या बाकावरून खुदकन हसू आलं आणि एक अनोळखी आवाज स्पष्ट ऐकू आला.

"बा, स-स-सर बी अ-अडकून राहिलेत की!"

"गप गं!" बाप कानकोंडा होऊन म्हणाला. मी वळून पाहिलं. ती पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघत होती आणि तिचा चेहरा आनंदानं फुलला होता. मला लाज वाटायला हवी होती. ती वाटली नाही, उलट हसू आलं. मग मी सगळं भाषण माझ्या जुन्या, मुखेडच्या पद्धतीनं, ठेचा खात पूर्ण केलं. समितीचा चहा गार झाला.

मान्यता मिळाली, पण एकाच वर्षाची, आणि 'दाखवण्याजोगी उपलब्धी आढळली नाही' असा शेरा मारून. विभागप्रमुख पुढचे काही दिवस पाहुण्यांसमोर माझ्याऐवजी नव्या कपाटाकडे बोट दाखवत होते. मी हंगामीचा हंगामीच राहिलो.

पण पुढच्या गुरुवारी ती मुलगी आत आली ती बोलतच. माझ्यावर चिडली होती. एवढे दिवस मी चांगलं बोलायचं सोंग का केलं, असं तिला विचारायचं होतं. प्रश्न विचारायला तिला जितका वेळ लागला, त्याहून जास्त मला उत्तर द्यायला. विभागप्रमुखांची ओढत बोलायची युक्ती मी तिला शिकवलीच नाही. अडकलं तर अडकू द्यायचं, डोळे मिटायचे नाहीत, शब्द बदलायचा नाही आणि बोलणं सोडायचं नाही, एवढंच आम्ही दोघंही शिकत होतो. ती माझ्यापेक्षा लवकर शिकली, हेही कबूल केलं पाहिजे.

मुलाखतीला मी त्यांच्याबरोबर नांदेडला गेलो. कुणी बोलावलं नव्हतं. मला घरी बसवेना. बंद दाराबाहेर तिचा बाप आणि मी भिंतीला टेकून उभे होतो. आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

"सर, लई येळ झाला. आत समदं शांत हाय," बाप म्हणाला.

"ती बोलत असेल," मी म्हणालो. आमच्यासारख्यांच्या बोलण्यात शांतताही जमेस धरावी लागते. बापाला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. कानांचा आणि वाचेचा तज्ज्ञ म्हणवणारा मी, दाराच्या फटीला कान लावून उभा होतो. तिथल्या शिपायानं हटकलं तेव्हा बाजूला झालो.

ती बाहेर आली. ओढणीनं कपाळावरचा घाम टिपत म्हणाली, "घ-घेतलं म्हणले."

बाप मटकन खाली बसला आणि त्यानं रुमालात तोंड लपवलं. मला पुष्कळ विचारायचं होतं, पण पहिलाच शब्द अडकला. तो सुटेपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत शांत उभी राहिली. काय विचारलं त्यांनी, एवढंच शेवटी मी विचारलं.

"इचारलं की, असं अडकत बोलून तू प-पेशंटला धीर कसा देशील."

"मग?"

"म्हणलं, माझ्या स-सरांनी मला दिला तसा."

मला तिथंच, सगळ्यांच्या देखत, रडू आलं.