पेडलवरचा पाय

ऐंशीनंतरच्या वर्षांत नाशिकच्या मेन रोडवर माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. एक कारकून दर शनिवारी गिटार आणि पत्र्याच्या डब्यातून स्वतः बनवलेलं पेडल घेऊन यायचे. पेडल पायाने खालीवर केलं, की गिटारचा सूर आधी घोगरा व्हायचा, मग किंचाळायचा. ते कधी बसत नसत. बोलतानाही पाय हलत असे.

"मालक, आवाज अजून फाटायला पाहिजे हो," ते म्हणायचे.

मी जन्मभर रेडिओतली खरखर घालवणारा माणूस. सुटे भाग द्यायचो, पण वाजवायला लागले की म्हणायचो, "बंद करा, गिऱ्हाइकं पळतील."

एकदा एक बाई आपल्या वारलेल्या मुलाने आखातातून पाठवलेली कॅसेट घेऊन आल्या. लावली, तर नुसती यंत्राची गुणगुण; शब्द तिच्याखाली बुडालेले. मी नकारार्थी मान हलवली. कारकुनांनी न विचारताच टेपरेकॉर्डर पेडलमधून माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडला, पाय हळूहळू खाली नेला आणि एका जागी थांबवला. गुणगुण मागे हटली.

"आई, मी बरा आहे," आवाज पातळ होता, पण स्पष्ट.

कॅसेट संपेपर्यंत अर्धा तास पाय तसाच धरून ते घामाघूम उभे राहिले.

बाईंनी डोळे पुसले. "एरवी यावर काय वाजवता?"

कारकुनांनी माझ्याकडे पाहिलं.

"वाजवा," मी म्हणालो.

गिटारचा तो सगळा कल्लोळ बाईंनी शेवटपर्यंत ऐकला. "मला काही कळलं नाही हो," त्या म्हणाल्या, "पण पुढच्या शनिवारी येते."

ते येत होते त्या तीन वर्षांत मी त्यांचं वाजवणं एकदाही पूर्ण ऐकलं नव्हतं.