कबनूरची लाईन

आयसीयूबाहेरच्या यूपीएसमधून तापलेल्या धुळीचा वास येतोय. आत आई आहे. आमच्या कोल्हापूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असाच वास असायचा.

तिथे एका दुपारी केबल तुटून स्क्रीनवर कबनूर गावाच्या फोनचे सगळे चॅनल फॉल्टमध्ये गेले होते. माझे सीनियर सलीमभाई शेजारी बसलेले. कबनूरला त्यांचे अब्बा अत्यवस्थ होते. लाईनवरच्या माणसांनी केबल जोडली, फॉल्ट गेल्याचा मेसेज आला. चॅनल चालू करायची कमांड मी टाइप केली, तर त्यांनी माझा हात धरला.

"थांब की जरा."

मी वैतागलो. अख्खं गाव खोळंबलं होतं.

शेवटी त्यांनीच एंटर दाबलं. लगेच टेबलावरचा फोन वाजला.

"तू उचल," ते म्हणाले.

लाईन बंद होती तोवर त्यांच्यापुरते अब्बा जिवंत होते, हे मला आज कळतंय. आयसीयूचं दार उघडलंय. मी खालीच बघतोय.